थुंकीचा उजेड

मला किळस फार येते. लहानपणापासून येते आणि ती मी कधी लपवलीही नाही. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याला ओठ लावायचा म्हटलं तरी मी तो पेला खाली ठेवते. आमचं घर खाडीकाठच्या गावातलं. अंगणात दोरीवर बोंबील वाळायचे, ओट्यावर सुकटीच्या टोपल्या असायच्या, म्हणून आई मला चारचौघांत चिडवायची, "सुकटीच्या घरान जल्मली न हिला पेल्याची किळस! नाकान कांदे सोलतंय पोरगी." पण सुकटीचा वास मला कधीच घाण वाटला नाही. मला घाण वाटायची ती माणसांची. थुंकी, घाम, वाहतं नाक, जेवताना होणारा मचमच आवाज. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं तेव्हा ही किळस गेली नाही, उलट तिला डिग्री मिळाली.

मोबाइल नुकते सगळ्यांच्या हातात आले होते त्या काळातली ही गोष्ट. भिवंडीजवळ राहनाळच्या गोदामांच्या ओळीत एका गाळ्यात मला नोकरी लागली. हॉस्पिटलात जखमेवर, टाक्यांवर ठेवतात त्या गॉजच्या घड्या आमच्याकडे बनायच्या. गाळ्याच्या मागच्या अंगाला सहा लूम, म्हणजे यंत्रमाग, होते, त्यांच्यावर ते जाळीदार कापड विणलं जाई. तिथून ते बाहेर ब्लीचला जायचं, कॉस्टिकच्या पाण्यात उकळून पांढरं होऊन परत यायचं. मग पुढच्या खोलीत बायका त्याच्या घड्या घालून कागदी पुड्यांत भरायच्या, आणि शेवटी त्या पुड्या वाफेच्या मोठ्या यंत्रात घालायच्या. त्या यंत्राला आम्ही सगळे कुकरच म्हणायचो. पुड्यांवर 'निर्जंतुक' असा शिक्का पडायचा आणि कागदावर माझी सही.

निर्जंतुक! त्या जागेचं वर्णन करायचं तर आजही मला तोंडावर पदर घ्यावासा वाटतो. सुताला लावलेल्या कांजीचा आंबूस वास भिंतीत मुरला होता. हवेत सतत कापसाची भुकटी उडायची, ती घामाला चिकटून मानेवर तिच्या वळकट्या व्हायच्या. लूमच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्यांचे एकावर एक थर. मोरीचं दार लागत नसे आणि तिथला पाण्याचा मग कोणी घासत नसे. शेठला सांगितलं की शेठ म्हणायचे, "मॅडम, कुकरमध्ये सब साफ होतंय ना? मग?"

पण मला सगळ्यात जास्त किळस यायची ती चाचांच्या तोंडाची. हे आधी समजावून सांगायला हवं. लूमवर शटलमधली, म्हणजे धोट्यातली, सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवतो आणि तिच्या धाग्याचं टोक शटलच्या बारीक भोकातून बाहेर घेतो. ते टोक बाहेर यावं म्हणून शटल तोंडाला लावायचं आणि श्वास जोरात आत ओढायचा. धागा सुळकन ओठांवर येतो. भिवंडीत हे सगळेच करायचे, आणि दिवसातून किती वेळा त्याला गणती नाही. चाचा आमचे सगळ्यात जुने विणकर. उत्तरेकडून आलेले, पांढरी दाढी, गालात कायम तंबाखू. ते शटल ओठांना लावायचे, चुर्र असा आवाज व्हायचा, मग ते धाग्याचं ओलं टोक बोटाने पुसून लूम सुरू करायचे. तो चुर्र आवाज लूमच्या खडखडाटात ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला यायचा.

मी एकदा त्यांना म्हटलं, "चाचा, याला तारेची आकडी मिळते. तोंड लावू नका ना."

ते हसले. "बिटिया, आकडी से एक कांडी भरूँ, तब तक मुँह से चार भर जाती हैं। तीस साल से यही मुँह है." आणि त्यांनी शटल उचलून पुन्हा चुर्र केलं. मी तोंड फिरवून पुढच्या खोलीत आले.

मग यंत्र आलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली म्हणून शेठने ते घेतलं. हातात मावेल एवढं, फोनसारखं. एका काडीला ओला कापूस असायचा. तो टेबलावर, हातावर, कापडावर फिरवायचा, काडी नळीत दाबायची, आत काजव्याच्या शरीरात असतं ते रसायन असायचं. जिथे जिवंत काही असेल तिथे ते रसायन उजळायचं. डोळ्याला दिसणार नाही इतका तो उजेड यंत्र मोजायचं आणि पडद्यावर आकडा द्यायचं. घाण जास्त, आकडा मोठा. पूर्वी ज्या तपासणीला आठवडा जायचा ती आता चहा गाळेपर्यंत व्हायची. माझा आनंद काय सांगू! जन्मभर लोक मला म्हणत आले होते, "तुझ्या मनाचे खेळ." आता माझ्या किळसेला आकडा फुटला होता.

मी शिस्त लावली. पॅकिंगच्या दारात स्पिरिटची बादली ठेवली, तिच्यात एक फडकं. आत येणाऱ्या प्रत्येक बाईने फडकं पिळून हात पुसायचे, टेबल पुसायचं, फडकं परत बादलीत टाकायचं. स्पिरिट उडून जातं, म्हणून कमी झालं की मी वरून ओतायचे. बादली रिकामी करायचा प्रश्नच नव्हता. स्पिरिट ते, ते स्वतःच सगळं मारतं! हात वाळले की काडी फिरवायची, आकडा जवळजवळ शून्य. पॅकिंगमधली सगळ्यात मोठी बाई, आम्ही तिला मावशी म्हणायचो, वज्रेश्वरीच्या पुढच्या पाड्यावरून बसने यायची. तिच्या तळहाताची कातडी स्पिरिटने फुटली होती. ती म्हणायची, "पोरी, हात जळतं गो." मी म्हणायचे, "जळू दे मावशी, जंतू जळतात." असं बोलताना मला लाज वाटली नाही, हे इथे लिहून ठेवते.

दोन-तीन महिन्यांनी पहिलं पार्सल परत आलं. एका बाळंतपणाच्या दवाखान्यातून. सिझेरियन झालेल्या काही बायकांचे टाके पिकले होते, आणि तिथल्या डॉक्टरांनी आमच्या न फोडलेल्या पुड्या तपासल्या तर आतल्या गॉजवर जंतू वाढले होते. चिठ्ठीत पिकलेल्या जखमेचं वर्णन होतं, पिवळा पू, वास, बाईला बाळ जवळ घेता येत नाही वगैरे. मी ती उभ्याने वाचली आणि मोरीत जाऊन ओकले. माझ्या सहीच्या पुड्या त्या बायकांच्या पोटावर ठेवल्या गेल्या होत्या.

शेठ म्हणाले, "कोणी केलं ते शोधा." मला शोधायची काय गरज होती? मला ठाऊकच होतं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलायच्या वेळी मी लूम थांबवायला सांगितले. विणकर, बायका, शेठ, सगळे गोळा झाले. मी आधी मावशीच्या हातावर काडी फिरवून दाखवली, आकडा शून्याजवळ. मग चाचांच्या हातातलं शटल घेतलं, म्हणजे दोन बोटांत चिमटीने धरलं, आणि तोंड लावतात त्या जागी काडी फिरवली. आकडा झर्रकन वर गेला आणि वरच गेला. मी यंत्र सगळ्यांपुढे फिरवलं. आणि मी म्हणाले, मोठ्याने, अगदी हिंदीत, म्हणजे कोणाला कळलं नाही असं व्हायला नको, "यह देखो। यह थूक औरतों के टाँकों पर जाता है."

एका तरुण विणकराने हळूच आपले ओठ पुसले. चाचांनी त्या पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मैडम, सब तो ऐसे ही भरते हैं." इतके दिवस मी बिटिया होते, त्या क्षणापासून मॅडम झाले. शेठने त्यांना त्याच दिवशी काढलं. राहनाळपासून धामणकर नाक्यापर्यंत गोष्ट त्यांच्या आधी पोचली: ह्याच्या तोंडाने माल सडतो. गॉज विणणाऱ्या कुठल्याच गाळ्यात मग त्यांना काम मिळेना.

त्यांच्या जागी नवा विणकर आला, तो आकडीने धागा ओढायचा. शटलवर आकडा कमी, टेबलावर आकडा कमी, हातांवर आकडा कमी. मी खूश. शेठ कुकर ठासून भरायला सांगायचे, मीही भरू द्यायचे. मधल्या पुड्यांपर्यंत वाफ नीट पोचत नाही हे मला कळत होतं, पण आकडे इतके छान येत होते की वाटायचं, आत जातानाच माल स्वच्छ आहे.

महिन्याभरात दुसरं पार्सल परत आलं. तोच दवाखाना, तेच पिकलेले टाके.

आता चाचा नव्हते. मग कोणाचं तोंड? मी यंत्राचं पुस्तक काढलं. घेतलं तेव्हा पहिली चार पानं वाचून ठेवून दिलं होतं. मागच्या पानांत एक वेगळी पद्धत दिली होती, आणि तिच्या वर एका चौकटीत इशारा: हे यंत्र बीजाणू दाखवत नाही. तो शब्द वाचला आणि माझे कान गरम झाले. काही जंतू संकटाच्या वेळी स्वतःभोवती टणक कवच करून आत गप्प पडून राहतात. पेरायच्या बियाण्यासारखे. त्यांना बीजाणू म्हणतात. काजव्याचं रसायन उजळतं ते जिवंत पेशी खर्च करतात त्या शक्तीवर. बीजाणू काही खर्चच करत नाही, त्यामुळे तो उजळतही नाही. त्याला आधी आवडीचं खाणं द्यावं लागतं, ऊब द्यावी लागते. तो जागा झाला की कवच फोडतो, आणि मग कुठे उजेड पडतो. आणि बीजाणू स्पिरिटने मरत नाही. अर्ध्यामुर्ध्या वाफेनेही मरत नाही. थुंकीतले जंतू मात्र ब्लीचच्या कढईत उकळल्यावर एकही शिल्लक राहत नाही.

हे पुस्तकातून नव्याने कळलं असं नाही. हे मला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. चाचांच्या तोंडाकडे बघताना मला त्यातलं एक अक्षर आठवलं नव्हतं.

बीजाणू जागे करायचं पाणी वेगळ्या बाटलीत मिळत होतं. आम्ही ती घेतलीच नव्हती. मी ती मागवली. शुक्रवारी लूम बंद असतात, त्या दुपारी मी एकटी गाळ्यात आले. जुन्या ताग्यातलं चाचांनी विणलेलं, ब्लीच होऊन आलेलं कापड घेतलं. त्याचा तुकडा त्या पाण्यात घालून उबेत ठेवला, तासाभराने काजव्याचं रसायन घातलं. आकडा किरकोळ. नव्या विणकराचं कापड, किरकोळ. घडी घातलेली गॉज, आकडा मोठा. टेबल, मोठा. म्हणजे जे काही होतं ते लूमवर नव्हतं, माझ्याच खोलीत होतं. मी इकडेतिकडे बघितलं. दारात बादली होती.

फडकं पिळून त्यातले चार थेंब मी काचेवर वाळवले, वर ते पाणी घातलं आणि उबेत ठेवून स्टुलावर बसून राहिले. तासाभराने यंत्रात घातलं तर आकडा पडद्यावर मावेना.

मी बादली खिडकीशी नेऊन तिरकी केली. तळाशी राखाडी गाळ होता. बायकांच्या हातावरची, टेबलावरची, पायांनी आलेली धूळ, कापसाची भुकटी, सगळं महिनोन्‌महिने त्या फडक्याने आणून तिथे जमा केलं होतं. धुळीतले बाकीचे जंतू मेले होते, बीजाणू तेवढे सुखाने राहिले होते. घरी विरजण पुढे पुढे चालवतात तसं मी वरून ओतून ओतून ते चालवलं होतं. आणि रोज त्याच फडक्याने प्रत्येक बाईच्या हाताला, प्रत्येक घडीला ते लावायला लावलं होतं. मावशीच्या फुटलेल्या तळहातांना सुद्धा. तक्रारी बादलीनंतर सुरू झाल्या, हे एवढं साधं गणित माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या गाळाचा वास घेतला तर नुसता स्पिरिटचा, स्वच्छ वास आला. मला आयुष्यात इतकी किळस कशाची आली नसेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे फाशी देणाराच चोर होता.

शनिवारी मी शेअर रिक्षाने धामणकर नाक्याला गेले. विचारत विचारत एका गल्लीत चाचा सापडले. अस्तराचं जाडंभरडं कापड विणत होते. मला बघून त्यांनी लूम थांबवला, कापसाने माखलेलं स्टूल हाताने झाडून दिलं आणि समोरून दोन कटिंग मागवल्या. मी सगळं सांगितलं. बीजाणू, बादली, सगळं. ते मान खाली घालून ऐकत होते. सांगता सांगता माझा हात आपोआप पर्सकडे गेला. मी स्पिरिट लावलेला रुमाल तेव्हा कायम जवळ बाळगत असे. मी तो काढला आणि चहाच्या ग्लासाची कड पुसली.

पुसून झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते. चाचांनी बघितलं होतं. ते थोडं हसले. ते हसणं मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

"मैडम," ते म्हणाले, "मुझे वापस नहीं आना। पर मेरा मुँह सबके सामने दिखाया था। बाल्टी भी सबके सामने दिखा दो। मैं आ जाऊँगा, खड़ा रहूँगा, बस."

मी म्हटलं, "सोमवारी. शिफ्टच्या वेळी. मी निरोप पाठवते."

सोमवारी सकाळी मी शेठला सांगितलं. शेठने कपाळावर हात मारला, मग लगेच सावरले. "बादली फेका. कुकर कमी भरा. बस, विषय संपला." मी म्हटलं, चाचांना बोलावून सगळ्यांसमोर दाखवायचं आहे. शेठ म्हणाले, "वेड लागलं काय मॅडम? दवाखान्याला मी कळवलंय, कारागीर काढला म्हणून. आता सांगू, आमच्या मॅडमनेच केलं? मशीन ह्या खोलीच्या बाहेर जाणार नाही."

आणि मी मान डोलावली. मी भांडू शकत होते, नोकरी सोडू शकत होते, काहीही करू शकत होते. मी मान डोलावली, कारण 'आमच्या मॅडमनेच' हे शब्द मला चारचौघांत ऐकायचे नव्हते. निरोप मी पाठवला नाही.

पण बायकांना सांगायलाच हवं होतं, त्यांचे हात होते. दुपारच्या सुट्टीत मी पॅकिंगचं दार लावून घेतलं आणि त्यांना बादली दाखवली. तळाचा गाळ दाखवला, तयार करून ठेवलेली नळी यंत्रात घालून आकडा दाखवला. म्हटलं, चूक माझी होती, तुमच्या हातांची नव्हती, चाचांची तर नव्हतीच. मला वाटत होतं मी फार मोठं काही करते आहे.

मावशीने आकडा बघितला. आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून बघितले. मग बंद दाराकडे बघितलं.

"चाचाला बलवला व्हतास?"

"नाही. शेठ नको म्हणाले."

"त्याचा तोंड दावलास तवा शेठला इचारला व्हतास?"

मावशीने बादली उचलली, मोरीत नेऊन ओतली, नळाखाली साबणाने हात धुतले आणि येऊन पुढची घडी घालायला बसली.